वरली फळी

मार्च आला की घरात तपासायच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. मी ते मागच्या खोलीत, खिडकीपासून लांब ठेवतो, कारण या दिवसांत दुपारनंतर रोह्यात पश्चिमेकडून वारा सुटतो आणि कागद उडतात. हा वारा खारा असतो असं मी म्हणतो. बायकोला ते पटत नाही. समुद्र इथून किती लांब आहे, असं ती विचारते. पण मी पेणच्या खाडीकाठी वाढलो. मार्चमधला वारा तोंडावर आला की माझी जीभ आपोआप ओठांवरून फिरते आणि तिला मीठ लागतं. खरंच असतं की नाही, ते मला माहीत नाही.

यंदा ती कविता परत आली आहे. मधली कितीतरी वर्षं ती इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातून गेली होती आणि मी मनातल्या मनात सुटलो होतो. जुनी, गाजलेली, छोटीशी कविता. एक माणूस आहे, त्याचं नशीब फिरलंय, लोकांनी तोंड फिरवलंय, तो एकटा बसून स्वतःला दोष देतोय. शेवटाला त्याला एका माणसाची आठवण होते आणि तो वर येतो. बस, एवढंच. त्याच्यावर प्रश्न ठरलेला असतो: कवीची निराशा कशी दूर होते? उत्तरही ठरलेलं असतं. प्रिय व्यक्तीच्या आठवणीने. पन्नास मुलांपैकी पंचेचाळीस मुलं हेच वाक्य लिहितात, कारण गाइडात तेच आहे आणि आम्ही शिक्षकही तेच सांगतो. मी बरोबरची खूण करतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. यंदा मात्र हात अडतो. हे उत्तर चुकीचं नाही. ते खरं होताना मी डोळ्यांनी बघितलं आहे, आणि माझ्या आयुष्यात त्याइतकं वाईट मी काही बघितलेलं नाही.

आमच्या गावाला तीन बाजूंनी बांध होता. बाहेर खाडी, आत मिठागर, त्याच्या आत भाताची जमीन, आणि अगदी आत, देवळाशेजारी, पिण्याच्या पाण्याचं तळं. हे सगळं एका मातीच्या बांधाच्या भरवशावर. बांधात एक उघाडी होती, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि अडवायचं दार. दोन दगडी खांब, त्यांना खाचा, खाचांत एकावर एक चार लाकडी फळ्या. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला फळ्या काढून मिठागराच्या साठवणीच्या तळ्यात पाणी भरून घ्यायचं, मग फळ्या टाकायच्या आणि फटींना चिखल लावायचा. त्या पाण्यावर पुढचे पंधरा दिवस मीठ पिकायचं. हे काम माझ्या थोरल्या भावाकडे होतं. सुदाम त्याचं नाव. मी त्याला दादा म्हणतो. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि तो एकोणीसचा. त्यानं शाळा कधीच सोडली होती, मला मात्र सोडू दिली नाही. दहावीनंतर त्यानंच मला रोह्याला आत्याकडे शिकायला ठेवलं.

त्या मिठागराचं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर पांढरा रंग नाही. आवाज आठवतो. ऊन चढलं की वाफ्यातल्या पाण्यावर मिठाची पातळ साय धरते, आणि लांब दांड्याच्या फावड्यानं ती ओढली की काचेचा चुरा सरकल्यासारखा आवाज होतो. दादाच्या पावलांना भेगा होत्या आणि त्या कधी भरायच्या नाहीत, कारण रोज त्यांत मीठ जायचं. संध्याकाळी वहिनी त्यांना गोडं तेल लावायची. तो पाय पुढे करून बसायचा आणि मला विचारायचा, आज काय शिकलास. मला सांगायचा कंटाळा यायचा. मी काहीतरी थोडक्यात सांगून मोकळा व्हायचो.

भांगेचे दिवस, म्हणजे उधाण उतरून भरतीचा जोर कमी झालेले दिवस, असले की उघाडीच्या वरल्या फळीला काही काम नसायचं. पाणी तिथपर्यंत पोचतच नसे. मग ती फळी काढून बसायला घ्यायची, ही सगळ्या गावाची सवय होती. बांधावर एकच चिंच होती, तिच्याखाली मुंगळे फार. फळी टाकायची, बसायचं, विडी ओढायची, गप्पा मारायच्या, उठताना परत खाचेत सोडायची. पिढ्यान्‌पिढ्या बसून बसून ती फळी वरून गुळगुळीत झाली होती.

बारावीच्या परीक्षेआधी मी अभ्यासाच्या सुटीसाठी गावी आलो होतो. परत जायच्या दिवशी सकाळी पुस्तक घेऊन बांधावर गेलो. अमावास्या होती, भरती दुपारी भरणार होती. दादानं साठवण भरून घेतली, फळ्या टाकल्या, वाकून हातानं चिखल थापला. मी मोठ्यानं उत्तर पाठ करत होतो. चिखलाचे हात तसेच ठेवून त्यानं विचारलं, "काय वाचतंस?"

त्या दिवशी का कोण जाणे, मी त्याला नीट सांगितलं. आमच्या घरच्या बोलीत सगळी कविता सांगितली. त्यानं लक्ष देऊन ऐकली. मग म्हणाला, "म्हंजे त्याचा कामबिम काय झाला नाय?"

"नाय."

"लोकंबी तशीच रायली?"

"व्हय."

"नुसती कोनाची आठवन आली, न तो उठला?"

मी म्हटलं, तेवढंच आहे. त्याने थोडा विचार केला. "मंग बरोबर हाय," तो म्हणाला. "मानूस तसाच उठतो. नायतर कोन उठला आसता?" आणि खाडीत हात धुऊन तो जेवायला घरी गेला.

मी मागे राहिलो. अजून दोन उत्तरं पाठ व्हायची होती. ऊन झालं म्हणून चिंचेखाली गेलो, मुंगळे दिसले, परत आलो. पाणी ओसरायला लागलं होतं, वरल्या फळीच्या वीतभर खाली होतं. मी चिखल बोटांनी सोडवला, फळी काढली आणि चिंचेखाली टाकून बसलो. उधाणाचे दिवस आहेत हे मला माहीत नव्हतं असं नाही. सकाळपासून मी तेच बघत होतो. पण हाताला सवय भांगेची होती, आणि डोक्यात कविता. थोड्या वेळानं गावातला एक टेम्पो कासू स्टेशनकडे निघाला, कोणीतरी मला हाक मारली, गाडी चुकेल म्हणून मी पुस्तक उचललं आणि धावलो.

पुस्तक उचललं. फळी उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी रोह्यात परीक्षेला बसलो होतो. इंग्रजीचाच पेपर. कवितेवर तोच प्रश्न आला. मी दीड पान लिहिलं आणि इतकं चांगलं लिहिलं, की लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. त्याच वेळी गावात लोक बांधावर उभे होते. नंतरची भरती उघाडीवरून आत आली होती, साठवण फुटली होती आणि आतल्या बांधाला पंधरा हातांची खांड पडली होती. मीठ विरघळून गेलं होतं. भाताच्या जमिनीवर खारं पाणी पसरलं होतं. आणि देवळाशेजारच्या तळ्यात खाडी शिरली होती. ती फळी उघाडीच्या आतल्या बाजूला तिवरांच्या झुडपांत अडकलेली सापडली.

मला हे तिसऱ्या दिवशी कळलं. आत्या वाढत होती. गावाकडून कोणी आलं होतं, त्यानं सांगितलं होतं. आत्या म्हणाली की बांध गेला, सुदामानं वरली फळी नीट बसवली नव्हती असं लोक म्हणतात. मला आधी काय आठवलं असेल? तो गुळगुळीत लाकडाचा स्पर्श. मी घास तोंडात घातला. मग पुढचा घातला. पानातला सगळा भात मी संपवला, हे मला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी पेपर होता.

पेपरांच्या मध्ये चार दिवसांची मोकळीक होती तेव्हा मी गावी गेलो. सांगायला गेलो होतो, हे मी आज कोणासमोरही शपथेवर म्हणेन. कासूपासून चालताना मी वाक्य जुळवत होतो. घरी दादा नव्हता. वहिनी दारात तांदूळ निवडत बसली होती आणि तिचं निवडण्याकडे लक्ष नव्हतं. तिनं सांगितलं की ते जेवत नाहीत, बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. आधी म्हणत होते मी फळी लावलेली. सगळं गाव म्हणालं, मग फळी काय उडून गेली? आता तेच म्हणतात, नसेल लावली. ती त्यांना एकटं सोडत नव्हती. लहान मुलीला तिनं सांगून ठेवलं होतं की बाबा जातील तिथे मागे जायचं, घरी जा म्हणाले तरी जायचं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विहिरीवरचा दोर तिनं काढून आतल्या खोलीत ठेवला होता, तो मी पाहिला.

मी बांधावर गेलो. खांड बुजवायचं काम चाललं होतं. आमच्याकडे याला जोळ म्हणतात. बांध गेला की घरटी एक माणूस यायचाच; कोणी बोलावत नाही, कोणी चुकवत नाही. रांग करून उभं राहायचं आणि चिखलाचे मोठाले गोळे हातोहात पुढे द्यायचे. दादा रांगेत उभा होता, गुडघाभर चिखलात. त्याच्या उजवीकडे हिरूकाका होते, ज्यांची सगळी जमीन खारी झाली होती. गोळा हिरूकाकांपर्यंत यायचा आणि ते तो दादाच्या पुढून, हात लांब करून, पलीकडच्या माणसाला द्यायचे. जड गोळा, म्हातारा माणूस. तरी दादाच्या हातात देत नव्हते. दादाचे हात पुढे केलेले तसेच होते. गोळा समोरून जायचा, तो हात थोडे मागे घ्यायचा, पुन्हा पुढे करायचा.

मला बघून हिरूकाका म्हणाले, "आला का मास्तर? ये, उभा राव. तुमच्या घरचा एक मानूस तरी कामाचा आसू दे."

मी दादाच्या जागी उभा राहिलो. त्यांनी गोळा माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि पुढे दिला. दादा बाजूला सरून बांधावर बसला. संध्याकाळपर्यंत मी काम केलं. गाव माझ्याशी चांगलं बोललं.

घरी परतताना आम्ही दोघेच होतो. ती वेळ होती. मी म्हणालो, "दादा, तुला एक सांगायचंय." तो थांबला. त्याचा चेहरा दहा दिवसांत खूप उतरला होता. मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला की आधी माझं ऐक.

"ती कविता बरोबर हाय रं, बाला," तो म्हणाला. "आज मी उठनार नव्हतो. काल बी नव्हतो. पडल्या पडल्या इचार येतो, तू तिथं पेपर लिवत बसलास. मंग उठतो. दुसरा काय नाय. तू हायस म्हनून उठतो." मग त्यानं विचारलं, "काय सांगनार व्हतास?"

मी म्हटलं, पेपर सोपे गेले.

तो हसला. त्या सगळ्या उन्हाळ्यात मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

त्या कवितेत एक गोष्ट नाही, आणि ती मला एवढी वर्षं खुपत आली आहे. ज्याची आठवण येते तो माणूस तिच्यात एक शब्द बोलत नाही. तो कुठे आहे, काय करतोय, त्या प्रेमाच्या लायकीचा आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. चिखलात रुतलेल्या माणसाला ते विचारायची गरजही नसते. त्याला दोर हवा असतो. पण मी दुसऱ्या टोकाला होतो. दादा ज्या दोराला धरून वर येत होता तो माझा होता, आणि त्याला चिखलात ढकलणारा हातही माझाच. मी बोललो असतो तर दोर तुटला असता. नाही बोललो तर तो वर येत राहणार होता, आणि दोषी राहणार होता. अठरा वर्षांच्या वयात मी स्वतःला सांगितलं की मी त्याच्यासाठी गप्प राहतोय. हे खोटं नव्हतं. पण त्यातला किती भाग त्याच्यासाठी होता आणि किती माझ्यासाठी, हे मी तेव्हा वेगळं करून पाहिलं नाही, आणि नंतर करायला गेलो तेव्हा ते होईना.

त्या उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन हायवेपर्यंत पाण्याला जायच्या. तळ्याच्या पाण्याला गावानं नाव दिलं होतं. तळ्याकडे वळणाऱ्या सासुरवाशिणीला म्हातारी ओरडून सांगायची, "सुदामाचा पानी नको घेव गो, डाल शिजनार नाय." पुढची दोन वर्षं, जमिनीतला खार पावसानं धुऊन जाईपर्यंत, हिरूकाकांच्या शेतात काही झालं नाही. नंतरही लग्नाच्या पंगतीत आमटी खारट लागली की कोणीतरी विचारायचं, सुदामाला वाढायला बसवला काय? सगळे हसायचे. दादाही हसायचा. मी त्याच्या शेजारी बसून हसलो आहे.

मिठागराचं काम त्याच्याकडून गेलं. पुढे हायवेला, गडबच्या अलीकडे, एका गोदामावर तो वॉचमन म्हणून लागला. तिथे त्याचं नाव झालं. तो कुलूप लावायचा, ओढून बघायचा, दहा पावलं जायचा, परत येऊन ओढून बघायचा, फाटकापर्यंत जाऊन पुन्हा यायचा. साहेब लोक म्हणायचे, असा माणूस मिळत नाही. घरीही तसंच. गॅसचं बटण, नळ, अंगणाच्या फाटकाची कडी. शेळ्या आत येतात म्हणून ती लावावी लागते. तो लावायचा, दहा पावलांवरून मागे वळायचा, हलवून बघायचा. वहिनी थट्टा करायची, "कडीला बी लाज वाटत आसल आता." मी शिक्षक झालो, लग्न केलं, रोह्याला घर बांधलं. त्याने माझ्या घराची वास्तुशांत डोळे भरून पाहिली, आणि निघताना माझ्या दाराची कडी तीनदा बघितली.

गेल्या रविवारी मी गठ्ठा अर्धा सोडून उठलो. एका मुलीनं लिहिलं होतं तेच नेहमीचं वाक्य, निळ्या शाईत, खाली रेघ मारून. मी तिला पूर्ण गुण दिले, पेनाला टोपण लावलं आणि स्टेशनवर गेलो.

दादा आता पासष्टीला आलाय. ओटीवर बसला होता, श्वास थोडा वाजत होता. वहिनी आत भाकऱ्या करत होती. बांधाकडे मिठागर राहिलेलं नाही, तिवरांचं जंगल झालंय, उघाडी सिमेंटची झालीय. हिरूकाका जाऊन बरीच वर्षं झाली. आता सांगून कोणाचं काय होणार, असा विचार मी वाटेत दहा वेळा केला. तरी सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. सगळं एका दमात, त्याच्याकडे न बघता, ओटीच्या कडेला बोट फिरवत. आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

दादा सरळ होऊन बसला. मग त्यानं विचारलं, "कुठं ठेवलेलीस?"

"चिंचेखाली. बसायला घेतली."

"वरली?"

"वरली."

"तिला माती लावलेली व्हती?"

"होती. ओली होती. मी बोटांनी काढली."

त्यानं स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उलटे केले आणि तळव्यांकडे बघत राहिला. "म्हंजे," तो म्हणाला, "मी लावलेली."

"हो दादा. तू लावली होतीस."

तो रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं, आणि ते मला बरं वाटावं म्हणून तो कशाला रागावेल? त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. आठ वर्षांचा असल्यापासून मी ज्या नजरेत राहत आलो, ती ही नव्हती. रस्ता विचारायला थांबलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं त्यानं मला बघितलं. मग तो उठला, चपला घातल्या, अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेला. कडी लावली. आणि बांधाच्या वाटेनं चालू लागला. दहा पावलं झाली. वीस झाली. तो मागे वळला नाही.

वहिनी दारात येऊन उभी होती, हाताला पीठ तसंच. तीही तेच बघत होती. तो वळणापलीकडे गेला तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले. ते कशासाठी, मला विचारता आलं नाही.

माझ्या गाडीची वेळ होईपर्यंत तो आला नाही. वहिनीनं जेवायला वाढलं, मी जेवलो. निघालो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भावजी, कडी लावून घ्या. शेल्या येतात."

मी फाटक ओढलं, कडी लावली आणि कासूची वाट धरली. वारा सुटला होता. थोडा पुढे गेलो असेन, आणि मला आठवेना, की मी कडी खरंच लावली का. मी थांबलो. परत गेलो. लावलेली होती. हलवून बघितली. पुन्हा निघालो, आणि वळणावर मी पुन्हा थांबलो.